बँकेचा शेअर पुस्तकी किमतीच्या बऱ्याच खाली मिळतोय. घ्यावा का? ताळेबंदात नेमकं काय बघायचं?

गोदाकाठ
२ जून २०२५, दुपारी ३.४०

नमस्कार मंडळी. आईची सहा लाखांची एफडी मे महिन्यात मुदत संपून खात्यावर आली. आई ७१ वर्षांची आहे, तिचे व्यवहार मी बघते. माझे धाकटे दीर शेअर बाजारात बरीच वर्षं आहेत. त्यांचं म्हणणं, यातले निम्मे पैसे एका मध्यम आकाराच्या खासगी बँकेच्या शेअरमध्ये घालावेत. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला त्या एका बँकेवर निकाल नको आहे, बघायचं कसं ते शिकायचं आहे.

भावजींचा हिशोब सरळ आहे. शेअरची पुस्तकी किंमत (बँकेच्या मालमत्तेतून देणी वजा करून एका शेअरच्या वाट्याला येते ती) तीस रुपये, बाजारात भाव अठरा. "वहिनी, तीस रुपयांची वस्तू अठराला मिळतेय. आणि एनपीए, म्हणजे थकीत कर्जांचा आकडा, दरवर्षी कमी होतोय."

मी स्वतः बारा वर्षं एका कारखान्याच्या अकाउंट्समध्ये काम केलंय, त्यामुळे ताळेबंदाची भीती वाटत नाही. पण बँकेचा उघडला आणि गोंधळले. आमच्याकडे कर्ज हे देणं असतं, इथे ती मालमत्ता. नफा आहे, पण तो तरतुदीवर (बुडू शकणाऱ्या कर्जांपोटी बाजूला काढलेल्या रकमेवर) ठरतो आणि तरतूद किती करायची ते बऱ्याच अंशी बँकच ठरवते, असं मला दिसलं. मग त्या तीस रुपयांवर भरवसा कशाच्या जोरावर ठेवायचा?

----

निवृत्त_इचलकरंजी
२ जून, रात्री ९.०५

ताई, शेवटच्या ओळीत तुम्ही नेमकं दुखण्यावर बोट ठेवलंत. मी ३४ वर्षं बँकेत होतो, त्यातली बरीचशी कर्ज विभागात.

बँकेची पुस्तकी किंमत म्हणजे एक मत असतं. कारखान्याची पुस्तकी किंमत यंत्र, जागा, माल यांच्यावर उभी असते. जाऊन हात लावून बघता येतं. बँकेची पुस्तकी किंमत उभी असते "हे लोक पैसे परत देतील" या अंदाजावर. आणि मालकांचा पैसा असतो थोडा. बँकेने शंभर रुपये कर्ज दिलं असेल तर त्यात भागधारकांचे दहा-बारा, बाकी ठेवीदारांचे. शंभरातले सहा बुडाले तर कर्जं सहा टक्क्यांनी घटली असं दिसतं, पण तुमचं निम्मं भांडवल गेलेलं असतं. म्हणून बँकेच्या शेअरमध्ये छोटी चूकही छोटी राहत नाही.

आता हे मत कसं तयार होतं ते सांगतो. हप्ता किंवा व्याज ९० दिवसांपेक्षा जास्त थकलं की खातं एनपीए. त्याआधी एसएमए, म्हणजे विशेष देखरेखीच्या खात्यांच्या, तीन पायऱ्या आहेत : ३० दिवसांपर्यंत एसएमए-०, ६० पर्यंत एसएमए-१, ९० पर्यंत एसएमए-२. बाहेरच्या माणसाला एनपीए दिसतो. शाखेतल्या माणसाची झोप उडते ती एसएमए-२ मुळे.

एक प्रसंग. बँकेचं नाव लिहीत नाही. सायझिंगचा (सुताला खळ लावण्याचा) धंदा असलेला एक जुना खातेदार, सज्जन माणूस, यंत्रमागाच्या मंदीत अडकलेला. मार्चच्या २६ तारखेला त्याच्या टर्म लोनच्या थकीत हप्त्याचे ८७ दिवस भरलेले. वरून फोन, "खातं स्टँडर्ड राहिलं पाहिजे." म्हणजे एनपीए होता कामा नये. मग त्याच्या भावाच्या नावावर असलेल्या दुसऱ्या फर्मची सीसी लिमिट (मालाच्या तारणावरच्या खेळत्या कर्जाची मर्यादा) तातडीने वाढवली. स्टॉक स्टेटमेंट जोडलं. गोदामात तेवढं सूत नव्हतं, मी स्वतः जाऊन पाहिलं होतं. २९ तारखेला त्या लिमिटमधून पैसे निघाले आणि दोन उड्या मारून टर्म लोनच्या खात्यात आले. ३१ मार्चच्या ताळेबंदात दोन्ही खाती स्टँडर्ड. पुढच्या डिसेंबरात दोन्ही बुडीत गेली, आणि रक्कम मूळच्या दीडपट झालेली. त्या कागदावर माझी सही आहे. आजही ती आठवते.

अशा गोष्टी सगळीकडे होतात असं माझं म्हणणं नाही. पण "एनपीए कमी होतोय" हे वाक्य ऐकलं की मी पहिलं विचारतो, कमी कशाने झाला? वसुलीने, की निर्लेखनाने (बुडीत धरून पुस्तकातून काढल्याने), की कर्ज मालमत्ता पुनर्रचना कंपनीला, म्हणजे थकीत कर्जं विकत घेणाऱ्या कंपनीला, विकून तिच्या रोख्यांच्या रूपात पुन्हा आपल्याच पुस्तकात ठेवल्याने? वार्षिक अहवालाच्या टिपांमध्ये एनपीएची हालचाल दाखवणारा तक्ता असतो : सुरुवातीची रक्कम, वर्षातली भर, वसुली, सुधारलेली खाती, निर्लेखन, शेवटची रक्कम. भर म्हणजेच स्लिपेज. शेवटची रक्कम खाली येतेय पण स्लिपेज दरवर्षी तेवढंच आहे, याचा अर्थ नळ चालूच आहे आणि बादली मागच्या दाराने ओतली जातेय.

----

ताळेबंद
३ जून, सकाळी ७.५०

काकांनी शाखेतून दिसणारं चित्र सांगितलं. मी सीए आहे, बाहेरच्या माणसाला कागदावर काय दिसू शकतं ते सांगते. उदाहरण येस बँकेचं घेते, कारण तिची सगळी आकडेवारी उघड आहे आणि बरेच इशारे आधी छापून आले होते.

२०१५-१६ च्या अखेरीस बँकेने ढोबळ (तरतूद वजा न केलेला) एनपीए दाखवला ७४९ कोटी. रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत तो निघाला ४,९२६ कोटी. पुढच्या वर्षी दाखवला सुमारे २,०१९ कोटी, निघाला सुमारे ८,३७४ कोटी. या फरकाला डायव्हर्जन्स म्हणतात आणि तो ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की बँकेला टिपांमध्ये छापावा लागतो. म्हणजे ज्याने २०१७ आणि २०१८ चे अहवाल शेवटपर्यंत वाचले त्याला कळत होतं की या बँकेचं स्वतःबद्दलचं मत आणि नियामकाचं मत यात चौपट-सहापट अंतर आहे. तरीही ऑगस्ट २०१८ मध्ये शेअर ४०४ रुपयांपर्यंत गेला.

का गेला? कारण टक्केवारी सुंदर होती. मार्च २०१८ ला ढोबळ एनपीए फक्त १.२८ टक्के. पण त्याच वर्षात कर्जवाटप १,३२,२६३ कोटींवरून २,०३,५३४ कोटींवर गेलं होतं. एका वर्षात ५४ टक्के वाढ! भागाकारात खालचा आकडा फुगला की टक्का आपोआप बारीक होतो. आणि नवं कर्ज पहिल्याच वर्षी सहसा थकत नाही, त्याला पिकायला दोन-तीन वर्षं लागतात. म्हणून भराभर वाढणाऱ्या बँकेचा आजचा एनपीए मी आजच्या कर्जाशी ताडून बघत नाही, दोन वर्षांपूर्वीच्या कर्जाशी बघते. खूप सोपी युक्ती आहे, कॅल्क्युलेटरवर एका मिनिटात होते.

पुढचं सगळं वेगाने घडलं. सप्टेंबर २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने येस बँकेचे मुख्याधिकारी राणा कपूर यांची मुदत ३१ जानेवारी २०१९ पर्यंतच मर्यादित केली. फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकेने जाहीर केलं की २०१७-१८ साठी डायव्हर्जन्स शून्य आहे. दुसऱ्या दिवशी शेअर तीस टक्क्यांच्या आसपास उसळला. लगेच रिझर्व्ह बँकेने खडसावलं की तो अहवाल गोपनीय होता आणि तुम्ही त्यातला सोयीचा भाग तेवढा सांगितलात. फेब्रुवारी २०२० मध्ये डिसेंबर तिमाहीचा निकाल पुढे ढकलला. निकाल वेळेवर न येणं ही माझ्या मते सर्वात मोठी घंटा. तो आला मार्चमध्ये, रिझर्व्ह बँकेने पैसे काढण्यावर निर्बंध लावल्यावर : तोटा १८,५६४ कोटी, ढोबळ एनपीए एका तिमाहीत ७.३९ वरून १८.८७ टक्के, आणि अस्सल भागभांडवलाचं प्रमाण ०.६ टक्के. ठेवी सप्टेंबर २०१९ ते मार्च २०२० या सहा महिन्यांत २ लाख ९ हजार कोटींवरून १ लाख ५ हजार कोटींवर.

----

तेजीवाला
३ जून, सकाळी १०.२०

सगळे बुडालेल्याच बँका सांगतात. पण जे येस बँक पाच-सहा रुपयांना घेऊन बसले त्यांचं काय? ६ मार्च २०२० ला भाव साडेपाचपर्यंत आला होता. मे २०२५ मध्ये स्टेट बँक आणि इतर बँकांनी २१.५० ने जपानच्या सुमितोमो मित्सुई बँकेला २० टक्के हिस्सा विकायचं ठरवलं. पाच वर्षांत चौपट. मोठा पैसा पडत्या बँकेतच मिळतो. भीती वाटते तेव्हाच घ्यायचं असतं, हे मी अनुभवाने सांगतो.

----

ताळेबंद
३ जून, दुपारी १.१५

चौपट झाले हे खरं आहे. पण ज्यांनी ६ मार्चला घेतले त्यांना माहीत नव्हतं की सरकार कुठल्या अटींवर वाचवणार. १३ मार्चच्या अधिसूचनेत शंभराहून जास्त शेअर असणाऱ्या जुन्या भागधारकांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षांसाठी अडकवले गेले. बँकेचे ८,४१५ कोटींचे एटी-१ बाँड (बँकेच्या भांडवलात धरले जाणारे बाँड) शून्यावर लिहिले गेले, त्यावरून कोर्टकचेरी झाली.

आणि त्याच वर्षीचं दुसरं उदाहरण बघा. लक्ष्मी विलास बँकेवर १७ नोव्हेंबर २०२० ला निर्बंध आले, २७ नोव्हेंबरला ती डीबीएस बँक इंडियात विलीन झाली. ठेवीदारांचे पैसे सुरक्षित राहिले. भागधारकांचे शेअर पूर्ण रद्द, हातात एक पैसाही नाही. तिथेही निर्बंधानंतरच्या दिवसांत "इतक्या खाली आलाय, आता कुठे जाणार" म्हणून घेणारे होते. दोन बँका, एकच नियामक, आठ महिन्यांचं अंतर. भागधारकाच्या बाबतीत बाहेर बसून यातली कुठली वाट होईल ते ओळखता येत नव्हतं.

अजून एक हिशोब मांडते, कारण "पुन्हा ४०४ ला जाईल" म्हणून बसलेले लोक मी ओळखते. २०१८ मध्ये येस बँकेचे सुमारे २३१ कोटी शेअर होते. ४०४ च्या भावाने सगळ्या बँकेची किंमत ९३ हजार कोटींच्या आसपास. पुनर्रचनेत दहा रुपयांनी हजार कोटी शेअर काढले, जुलै २०२० च्या एफपीओत, म्हणजे नव्या शेअरच्या जाहीर विक्रीत, बारा रुपयांनी आणखी साडेबाराशे कोटी. आज शेअरची संख्या ३,१३५ कोटींच्या घरात आहे. २१.५० ने गुणा, ६७ हजार कोटी येतात. म्हणजे बँकेची किंमत जुन्या शिखराच्या ७२ टक्क्यांवर परत आलीय, आणि जुन्या भागधारकाचा शेअर शिखराच्या ५ टक्क्यांवर आहे. बँक वाचली हे उत्तम झालं. पण बँक वाचणं आणि आपला शेअर वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कृपया कुणीही विसरू नये.

----

बालेवाडी_फाटा
३ जून, संध्याकाळी ६.३०

महाबँकेचं नाव कुणीच घेतलं नाही म्हणून लिहितो. घरात दोन पिढ्या खातं आहे, त्यामुळे लक्ष ठेवून असतो.

जून २०१७ मध्ये बँक ऑफ महाराष्ट्र रिझर्व्ह बँकेच्या त्वरित सुधारणा आराखड्यात गेली, म्हणजे पीसीए. मार्च २०१८ ला ढोबळ एनपीए १९.४८ टक्के, निव्वळ (तरतूद वजा करून) ११.२४. येस बँकेच्या सर्वात वाईट आकड्यापेक्षाही जास्त! पण फरक बघा, इथे सगळं कागदावर उघडं पडलेलं होतं. मालक सरकार होतं, त्याने भांडवल ओतलं. आणि ठेवीदार हलले नाहीत. लोकलज्जेने नव्हे, सवयीने. पेन्शन, शिक्षकांचे पगार, सोसायट्यांची खाती, हे लोक अर्धा टक्का व्याजासाठी बँक बदलत नाहीत. चालू आणि बचत खात्यांचा हिस्सा मार्च २०२५ लाही निम्म्याच्या वर होता. ३१ जानेवारी २०१९ ला बँक पीसीएतून बाहेर आली. मार्च २०२५ ला ढोबळ १.७४ टक्के, निव्वळ ०.१८.

त्यामुळे मी एनपीएच्या आधी ठेवी बघतो. स्वस्त आणि चिकट ठेवी असलेली बँक आजारातून उठायला वेळ विकत घेऊ शकते. बाजारभावापेक्षा जास्त व्याज देऊन घाऊक ठेवी गोळा करणाऱ्या बँकेला तो वेळ मिळत नाही.

अर्थात महाबँकेतही सरकारने भांडवल घातलं त्या प्रत्येक वेळी शेअरची संख्या वाढली, हे ताळेबंद यांचं म्हणणं इथेही लागू आहेच.

----

सॅन_होजेतून
४ जून, पहाटे ४.१०

बालेवाडी_फाटा यांना पूर्ण अनुमोदन. मार्च २०२३ मध्ये आमच्या कंपनीचे पगार सिलिकॉन व्हॅली बँकेतून व्हायचे. तिथे प्रश्न बुडीत कर्जांचा नव्हताच. व्याजदर वाढल्यामुळे हातातल्या रोख्यांची किंमत घसरली होती, आणि नव्वद टक्क्यांहून जास्त ठेवी विमा मर्यादेच्या वर होत्या. ९ मार्चला एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढायला लोक धावले, १० मार्चला बँक बंद. गुरुवारी रात्री आमच्या टीमच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरत होता, "काढलेस का?" ठेवीदारांना सगळे पैसे मिळाले. भागधारकांना संरक्षण नव्हतं.

----

निवृत्त_इचलकरंजी
४ जून, सकाळी ११.००

ताई, तुमच्या तीस आणि अठराचा हिशोब मी कागदावर करून बघतो. आकडे काल्पनिक आहेत, पद्धत समजून घ्या.

समजा १०० कोटी शेअर आहेत, नक्त मूल्य (मालमत्ता वजा देणी) ३,००० कोटी. म्हणून पुस्तकी किंमत तीस. आता शंकास्पद ढीग करा : निव्वळ एनपीए ५००, पुनर्रचित कर्जं ३००, मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांचे रोखे २००, एसएमए-२ धरा ४००. झाले १,४००. यातले निम्मे जातील असं धरलं तर ७०० कोटी नक्त मूल्यातून वजा, उरले २,३००. पुस्तकी किंमत तेवीस. इथे करसवलत वगैरे धरली नाही, मुद्दामच.

तेवीसची वस्तू अठराला, अजूनही स्वस्त वाटते ना? पण भांडवल घटल्यावर बँकेला बाजारातून पैसे उभे करावे लागतील. अठराच्याच भावाने ५० कोटी शेअर काढले तर ९०० कोटी येतील. ३,२०० भागिले १५० कोटी शेअर, एकवीस रुपये तेहतीस पैसे. आणि अशी बँक भांडवलासाठी दारात उभी राहिली की अठराचा भाव सहसा अठरा राहत नाही. तुम्हाला बारा रुपयांची सूट दिसत होती, ती सव्वातीनवर आली. एवढ्यासाठी जोखीम घ्यायची का, हा विचार करा.

हे मी घाबरवायला लिहीत नाही. ढीग १,४०० ऐवजी ४०० चा निघाला तर तीच बँक खरोखर स्वस्त आहे. म्हणून ढीग मोजल्याशिवाय स्वस्त-महाग बोलूच नये.

----

पडघम
४ जून, दुपारी ४.४५

सगळे आकडे नीट असूनही फसगत होऊ शकते, हे यंदाच पाहिलं. १० मार्चला इंडसइंड बँकेने जाहीर केलं की डेरिव्हेटिव्हच्या हिशोबात तफावत आहे, डिसेंबर २०२४ च्या नक्त मूल्याच्या सुमारे २.३५ टक्के. दुसऱ्या दिवशी शेअर २७ टक्के पडला. त्या वेळी भांडवल पर्याप्तता (जोखमीच्या मानाने भांडवल किती) १६.४६ टक्के होती, तरतुदीचं प्रमाण ७० टक्क्यांच्या वर. १५ मार्चला रिझर्व्ह बँकेनेही हे आकडे सांगून ठेवीदारांना धीर दिला. पुढे मुख्याधिकाऱ्यांनी एप्रिलअखेर राजीनामा दिला, आणि मार्च तिमाहीला २,३२९ कोटींचा तोटा आला.

इशारा होता का? एक होता. संचालक मंडळाने मुख्याधिकाऱ्यांना तीन वर्षं मागितली होती. रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये दोन दिली, आणि यंदा ७ मार्चला फक्त एक. येस बँकेतही मुदत तोडणं हा एक मोठा जाहीर इशारा होता. रिझर्व्ह बँक कारण सांगत नाही, पण तिच्याकडे आपल्याला न दिसणारे कागद असतात. मुख्याधिकाऱ्यांची मुदत कमी केल्याची बातमी आली की मी तरी त्या बँकेतून बाहेर पडतो. एखाद वेळी नफा हुकेल, चालेल.

----

गोदाकाठ
८ जून, रात्री ८.२०

सर्वांचे मनापासून आभार. शनिवार-रविवार वार्षिक अहवाल घेऊन बसले. काकांनी सांगितलेला एनपीएच्या हालचालीचा तक्ता सापडला, ताळेबंदताईंनी सांगितलेली डायव्हर्जन्सची टीपही. डायव्हर्जन्स छापण्याइतका नाही, हे बरं. पण घट बहुतेक सगळी निर्लेखनाची आहे. स्लिपेज तीन वर्षं जवळपास तेवढंच. भावजींना फोनवर तो तक्ता वाचून दाखवला. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "हे पान मी उघडलंच नव्हतं." त्यांनी स्वतःही त्यात पैसे घातलेत, त्यामुळे मला ते ऐकून वाईट वाटलं.

दोन प्रश्न राहिलेत. सर्वात मोठ्या वीस ठेवीदारांचा वाटा कुठे मिळतो? आणि एसएमए-२ चा आकडा मला कुठेच सापडला नाही.

----

ताळेबंद
८ जून, रात्री ९.४०

वीस ठेवीदारांचा वाटा त्याच टिपांमध्ये, 'ठेवींचे केंद्रीकरण' असं काहीसं शीर्षक असेल. खालीच वीस मोठ्या कर्जदारांचाही असतो, दोन्ही मागच्या तीन वर्षांचे शेजारी शेजारी लिहून काढा.

एसएमए-२ सगळ्या बँका एकसारखा देत नाहीत. तिमाही निकालानंतरच्या सादरीकरणात बघा, नाहीतर विश्लेषकांबरोबरच्या चर्चेचं शब्दांकन शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर चढवलेलं असतं, त्यात कुणीतरी विचारलेलं सापडतं. व्यवस्थापनाने उत्तर देताना आकडा दिला की विषय बदलला, तेही तिथेच कळतं.

----

निवृत्त_इचलकरंजी
८ जून, रात्री १०.०५

आणि आईंच्या पैशाचं वेगळं सांगतो. ठेवीला एका बँकेत पाच लाखांपर्यंत विमा आहे, मुद्दल आणि व्याज धरून. शेअरला कसलाच नाही. एकाहत्तराव्या वर्षी नुकसान भरून काढायला वेळ नसतो. सहा लाख दोन बँकांत तीन-तीन करून ठेवा. तुम्हाला शेअर घ्यायचाच असेल तर स्वतःच्या पगारातून, थोडा, आणि चार तिमाही बघून घ्या.

----

गोदाकाठ
९ जून, सकाळी ७.१५

आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "महाबँकेत तीन टाक, उरलेले तू ठरव." आज अकरा वाजता तिला घेऊन शाखेत जातेय. भावजींनी जून तिमाहीचा निकाल येईपर्यंत नवीन खरेदी थांबवली आहे. तक्ता आम्ही दोघं मिळून भरणार आहोत, भरला की स्लिपेजचा आकडा इथेच टाकते.